वास कोणत्या खात्यात येतो?

मी सुरतला मराठी माध्यमाच्या शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते. आमची शाळा नवागामच्या पुढे, डिंडोलीच्या अलीकडे, खाडीकडे पाठ करून उभी आहे. खाडी म्हणजे समुद्राची नव्हे. शहरातून वाकडातिकडा जाणारा ओढा आहे तो, पण इथे सगळे त्याला खाडीच म्हणतात. आठवीला राज्यघटनेचा धडा असतो. त्यात नागरिकाची कर्तव्यं येतात, आणि त्या कर्तव्यांत वनं, तळी, नद्या आणि प्राणी यांचं रक्षण करण्याचंही एक येतं. ते वाक्य मी दर वर्षी खिडक्या लावून शिकवते. उघड्या ठेवल्या तर खाडीच्या वासानं मुली नाकाला ओढणी लावतात आणि ओढणीतूनच कर्तव्यं म्हणून दाखवतात, ते मला बघवत नाही.

आमचं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते अमळनेरकडच्या एका खेड्यातून तरुणपणी इथे आले आणि एका डाइंग मिलच्या रंगखात्यात लागले. कोणत्या कापडाला कोणता रंग किती, त्यात काय मिसळायचं, कापड धुऊन निघालं की मशीन कधी रिकामं करायचं, हे सगळं त्यांच्याकडे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्यांच्या नखांच्या कडा अजून निळसर आहेत. लहानपणी मी त्यांचा हात धरून पुलावरून जायचे तेव्हा ते खाली पाण्याकडे बघून आमच्या अहिराणीत सांगायचे, "आज राणी कलर चालू शे." दुसऱ्या दिवशी मोरपंखी असायचा. मला भारी अभिमान वाटायचा. मी वर्गात सांगायचे, आमच्या आबांना नुसतं पाणी बघून कळतं की बाजारात कोणत्या साड्या येणार आहेत. आज ते आठवलं की लाज वाटते, पण लाजेपेक्षा चीड जास्त येते. इतकी माणसं रोज त्या पुलावरून गेली आणि ओढ्याला राणी रंग नसतो, असं एकालाही म्हणावंसं वाटलं नाही. त्यात मीही आले.

एका वर्षी उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची, सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. मधल्या सुट्टीनंतरचा तास माझा. सकाळपासून वास कमी होता म्हणून मीच दोन खिडक्या उघडल्या होत्या, जरा ऊन येईल म्हणून. फळ्यावर तारीख लिहून वळले तर घशात कोणी खरवडल्यासारखं झालं. नेहमीचा सडका वास नव्हता. हा आंबट, तिखट, डोळ्यांत शिरणारा वास होता. पहिल्या बाकावरची मुलगी खोकायला लागली, मग तिच्या मागची. एकीला जागेवरच उलटी झाली. मी सगळ्या वर्गाला मैदानात पिटाळलं. पाच जणींना श्वास नीट घेता येत नव्हता. त्यांना रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिल्या मुलीला विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"पोहे," ती म्हणाली.

दुसरीनं चहा-खारी सांगितली, तिसरी उपाशीच आली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, पोट बिघडलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, पाच जणींचं पोट एकाच मिनिटाला कसं बिघडेल? आणि पोट बिघडल्यावर डोळे लाल होतात का?"

"मॅडम," ते म्हणाले, "चिठ्ठी मी लिहू की तुम्ही लिहिता?"

मुली तासाभरात बऱ्या झाल्या. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, संध्याकाळी मला म्हणाल्या, "खिडक्या कोणी उघडल्या होत्या?" मी म्हटलं, मी. "मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि रजिस्टरमध्ये काहीतरी लिहून त्यांनी ते मिटलं. म्हणजे जे घडलं त्याला कारण मी आणि दोन खिडक्या.

त्या दिवशी घरी आल्यावर मी अर्ज लिहिला. घटनेचं पुस्तक माझ्याकडे आहेच. त्यातलं कलम अठ्ठेचाळीस-क काढलं. पर्यावरणाचं रक्षण करण्यासाठी राज्यानं, म्हणजे सरकारनं, झटलं पाहिजे असं ते सांगतं. मग एकावन्न-क काढलं, ते नागरिकांच्या कर्तव्यांचं. आणि एकवीस काढलं, जगण्याच्या हक्काचं, ज्यात स्वच्छ हवा आणि पाणीही आलं असं न्यायालयांनी सांगितलेलं आहे. दोन पानी अर्ज झाला. आबांना वाचून दाखवला. ऐकून ते म्हणाले, "चांगलं लिखेल शे," आणि रेडिओचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अर्ज घेऊन महापालिकेच्या आमच्या भागातल्या ऑफिसात गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनानं तो उलटसुलट करून पाहिला. मराठीत होता, म्हणून मी तो त्याला गुजरातीत समजावून सांगितला. माझं गुजराती चांगलं आहे, जन्म इथलाच.

"बेन, हे कशात बसवू?" तो म्हणाला. त्याच्यासमोर कॉम्प्युटर होता आणि त्यात तक्रारींची यादी होती. गटर तुंबलं, दिवा बंद, जनावर मेलं, रस्त्यावर खड्डा.

"वास आहे," मी म्हटलं. "विषारी वास. खाडीतून."

"वास नथी यादीमां."

"मग इतर म्हणून टाका."

"इतर बंद केलंय. लोक काहीही लिहितात." त्यानं थोडा विचार केला आणि माझ्यावर उपकार करावा तसं म्हणाला, "गटर तुंबलं टाकतो. लवकर काम होईल."

काम खरंच लवकर झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं लांब सळया घेऊन आमच्या घरासमोर आली आणि त्यांनी आमचं गटर उपसलं. त्या गटराला काहीही झालेलं नव्हतं. उपसलेला गाळ त्यांनी दारात ठेवला आणि ती निघून गेली. दुपारी माझ्या फोनवर मेसेज आला की आपल्या तक्रारीचं समाधान झालं आहे, आणि सेवेला किती तारे द्याल? मी शाळेच्या स्टाफरूममध्ये तो मेसेज वाचून इतकी हसले की सोबतच्या बाई घाबरल्या. नंतर रडू आलं, ते कोणाला दाखवलं नाही.

मग मी तोच अर्ज घेऊन प्रदूषण बघणाऱ्या ऑफिसात गेले. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन रिक्षा बदलून. तिथल्या साहेबांनी मला चहा पाजला, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी सांगितलं की पाणी त्यांच्या खात्यात येतं, पण खाडीचा काठ दुसऱ्या खात्याचा. काठावर काही पुरलेलं असेल तर ते तिसऱ्याचं. शाळेच्या आवारात जे होतं ते शिक्षण खात्याचं.

"आणि वास?" मी विचारलं.

साहेब खरंच विचारात पडले. "वास," ते म्हणाले, "कुठून सुटला यावर आहे."

"म्हणजे तो वर्गात आला की तुमचा राहत नाही?"

ते हसले. पाहणीला येतो म्हणाले आणि तारीख दिली. तारीख ऐकूनच मला कळायला हवं होतं. मला नाही कळलं, आबांना कळलं. "त्या रोजले मिलले सुटी ऱ्हास," ते म्हणाले. आठवड्याच्या सुट्टीचा दिवस होता तो. मी फोन करून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की कार्यक्रम ठरलेला आहे, आता बदलता येणार नाही.

त्या दिवशी खाडी कशी होती म्हणून सांगू. भांडी धुतलेल्या पाण्याइतकी साधी. एक बगळासुद्धा येऊन उभा राहिला होता. इतक्या वर्षांत मी तिथे बगळा पाहिला नव्हता, आणि नेमका त्या सकाळी तो साक्ष द्यायला आल्यासारखा उभा. साहेबांच्या माणसानं बाटलीत पाणी भरलं, चिठ्ठी चिकटवली आणि माझी सही घेतली.

आबा माझ्यासोबत आले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते काठानं सावकाश पुढे चालत गेले आणि बांधकामाच्या राडारोड्याचा एक ढीग होता तिथे थांबले. काठीनं त्यांनी ढिगाकडे दाखवलं. "साहेब, इथे पाइप आहे. याच्या खाली. मिलच्या मागच्या भिंतीतून येतो."

साहेबांनी ढिगाकडे पाहिलं. "काका, दिसत तर नाही."

"दिसू नये म्हणूनच ढीग टाकलाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिथे होतो ना. रंगखात्यात."

तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर एक बारीक हसू आलं. "अच्छा," ते म्हणाले, "म्हणजे हे पाणी तुम्हीच सोडत होता, काका."

मला इतका संताप आला की मी पुढे झाले. पण आबांनी हातानं मला थांबवलं. ते साहेबांशी मिलमध्ये बोलत तशा हिंदी-मराठी मिसळीत बोलले. "हां साहेब, मैंनेच छोडा. जमिनीत भोक होतं, जाळी लावलेली. मशीन रिकामं करायचं तर झडप उघडायची, पाणी भोकात जायचं. पुढे कुठे जातं ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता विचारतोय, तर तुम्ही म्हणता दिसत नाही."

साहेबांनी ढिगाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "लेखी द्याल?"

"देईन," आबा म्हणाले.

मी वडिलांकडे बघतच राहिले. माझे वडील कधी कुणाशी भांडलेले नाहीत. मिलमध्ये कामगारांची काही बैठक असली तरी ते मागच्या दारानं घरी येत. परत येताना मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" ते म्हणाले, आता मला कामावरून कोण काढणार?

दोन दिवसांत ही बातमी गल्लीभर झाली. आमच्या समोरच्या घरात राहणारा माणूस त्याच मिलमध्ये रंगाच्या मशीनवर आहे. धुळ्याकडचा, आबांच्या हाताखाली शिकलेला. तो संध्याकाळी पाळी सुटल्यावर सरळ आमच्या घरी आला, घामानं भिजलेला, आणि बसलाही नाही.

"आबा, मिल बंद पडनी ते मी कथा जाऊ?" तो म्हणाला. कुठे जाऊ, या त्याच्या प्रश्नावर आबांनी नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला. मग तो माझ्याकडे वळला आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलायला लागला. "ताई, तुम्ही सरकारला लिहिलं म्हणे. घटनेची कलमं टाकून."

"मुलींना उलट्या झाल्या, दादा. तुमची पुतणी पण होती त्यात."

"ते मला माहीत आहे. पण एक सांगा. तुमच्या वर्गात तो वास तासभर आला आणि तुम्ही दोन पानं लिहिली. मी त्या वाफेत रोज बारा तास उभा असतो. माझ्यासाठी तुम्ही कधी एक ओळ लिहिली?"

 खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्याचा रागच आला. मी इतके हेलपाटे घालत होते, आणि हा माणूस आभार मानायचे सोडून मला जाब विचारत होता. आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या अर्जात खाडी होती, मुली होत्या, मासेसुद्धा होते, जे तिथे कधीच संपले होते. त्यात मिलच्या आतलं माणूस एकही नव्हतं. माझे वडील तिथे आयुष्यभर होते तरी नव्हतं.

तो गेल्यावर आई आतून म्हणाली, "आता बस झालं तुमचं." पण आबांनी चष्मा लावला होता. "लिखी ले," ते मला म्हणाले.

ते अहिराणीत सांगत गेले आणि मी गुजरातीत लिहीत गेले, कारण ऑफिसला गुजरातीच हवं होतं. कोणत्या खोलीत कोणत्या कोपऱ्यात जाळी आहे. कोणतं मशीन रिकामं केलं की पाणी तिकडे जातं. कॉस्टिक सोडा कधी पडतो, ॲसिड कधी, आणि दोन्ही पाणी भोकात एकत्र झालं की वाफ कशी उठते. मिलच्या नकाशात ते भोक नाही, हेही त्यांनी सांगितलं. मध्येच मी एका ठिकाणी "विषारी पाणी" असं लिहिलं. वाचून दाखवल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"जहर नको लिखू," ते म्हणाले. "ज्यानं जे नाव शे, तेच लिख."

मी चिडले. "आबा, विषाला विष नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

"तू जहर लिहिलंस तर ते म्हणतील बाई रागात आहे. तू कॉस्टिक लिहिलंस तर त्यांना कॉस्टिक शोधावं लागेल."

मी तो शब्द खोडला. माझ्या दोन पानी अर्जात कलमं होती, आबांच्या दीड पानात जाळी, झडप आणि कोपरा होता. त्यांनी खाली सही केली, देवनागरीत, एकेक अक्षर वेगळं काढून. ते दीड पान मी दोन रिक्षा बदलून नेऊन दिलं आणि पोच घेतली.

मग काही झालं नाही. होळी गेली. परीक्षा झाल्या, उन्हाळ्याची सुट्टी आली, शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. पाण्याच्या बाटलीचा अहवाल आला. त्यात पाणी मर्यादेत असल्याचं लिहिलं होतं, बगळ्याचा उल्लेख नव्हता इतकंच. मी दर पंधरा दिवसांनी फोन करायचे. पलीकडून म्हणायचे, "प्रोसेसमां छे." एकदा मी विचारलं, कोणत्या प्रोसेसमध्ये, डाइंगच्या की ऑफिसच्या? पलीकडच्या माणसाला विनोद कळला नाही, किंवा कळला म्हणूनच त्यानं फोन ठेवला.

आणि मग एक दिवस मोठ्या बाईंनी मला तास चालू असताना बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर एक नोटीस होती. प्रदूषणाच्या ऑफिसातून शाळेला आलेली. खाडीच्या पाहणीत काठावर, शाळेच्या भिंतीलगत, कागदी प्लेटा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि उरलेलं अन्न आढळलं आहे. शाळेनं खाडी दूषित केली आहे. उत्तर द्यावं.

"वाच पुढे," बाई म्हणाल्या. 

पुढे लिहिलं होतं की नैसर्गिक पर्यावरणाचं रक्षण करणं हे घटनेप्रमाणे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे, आणि शिक्षणसंस्थेनं तर ते विशेष पाळलं पाहिजे. कलमाचा आकडाही दिला होता. एकावन्न-क. माझ्याच अर्जातून उचलल्यासारखा.

मी ती नोटीस तीन वेळा वाचली. प्लेटा आमच्या होत्या, हे खरं. शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई त्या भिंतीपलीकडे टाकायची, आम्हाला माहीत होतं, आम्ही बोललो नव्हतो. पण मी तीन कलमं पाठवली होती. त्यातलं सरकारनं झटायचं ते कुठे गेलं कोण जाणे. जगण्याच्या हक्काचं ते तर पोचलंच नसावं. नेमकं नागरिकाला बोल लावायला उपयोगी पडणारं एकच कलम तेवढं माघारी आलं, आमच्याच पत्त्यावर.

"तुझ्या त्या अर्जामुळे," बाई म्हणाल्या. "तुला किती वेळा सांगितलं, खिडक्या लाव."

मी म्हटलं, "बाई, प्लेटांनी कोणाला उलटी होत नाही."

"ते तिथे जाऊन सांग."

म्हणून आम्ही दोघी गेलो.  आबाही आले, तिसरे, रिक्षावाल्याच्या शेजारी. ऑफिसात पहिले साहेब नव्हते, त्यांची बदली झाली होती. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण इंजिनियर बाई होती. मी तिच्यासमोर बसल्या बसल्या जे काही साठलं होतं ते सगळं ओतलं. सरकारचं कर्तव्य कुठे गेलं, आमच्या मुलींच्या श्वासाचं कलम कुठे गेलं, गटर का उपसलं, सुट्टीच्या दिवशी पाहणी कोणी ठेवली. माझा आवाज चढला असेल. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "बेन, सरकारनं झटावं असं जे कलम आहे ते घेऊन कोर्टात गेलात तर कोर्ट म्हणेल, हे मार्गदर्शनासाठी आहे, त्यावर हुकूम देता येत नाही. एकवीस मोठं आहे, पण ते हायकोर्टाचं काम. माझ्या टेबलावर घटना आली तर मी काय करू? माझ्या टेबलावर काहीतरी असं द्या की जे मी जाऊन बघू शकेन."

मी आणखी चिडणार होते, पण आबा म्हणाले, "दिलंय की." आणि त्यांनी पोच पुढे केली.

ती उठली. कपाट उघडलं, एक फाइल काढली, दुसरी काढली. तिसरीत ते दीड पान होतं. टाचणीसकट, वर कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही. ते वाचताना तिचा चेहरा बदलला. तिनं आबांना विचारलं, "ही जाळी अजून असेल?"

"मशीनची जागा बदलली नसेल तर असेल."

त्या आठवड्यात कामाच्या दिवशी, भर दुपारी, न सांगता इंजिनियर बाई दोन माणसं घेऊन मिलमध्ये शिरली. हे मला समोरच्या माणसाकडून नंतर कळलं. तिच्या हातात आबांचा कागद होता आणि ती थेट त्या कोपऱ्यात गेली. जाळी होती. पाणी चालू होतं. राडारोड्याचा ढीग हटवला तेव्हा खाली पाइपही निघाला, मांडीइतका जाड.

पाइप बुजवला. मिल काही आठवडे बंद राहिली. आणि समोरचा माणूस ते सगळे दिवस आपल्या ओट्यावर बसून राहिला. मी शाळेत जाताना तो मान फिरवायचा, येताना तेच. त्याची बायको आईशी बोलायची बंद झाली. आबा रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसायचे, तो त्याच्या. मध्ये दहा फुटांची गल्ली. मला वाटलं होतं, जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं. 

मिल पुन्हा सुरू झाली. आता त्यांचं पाणी सगळ्या मिलांचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राकडे जातं म्हणतात. तिथे काय होतं आणि तिथून पुढे ते कुठे सोडतात, हे मी अजून पाहिलेलं नाही, त्यामुळे ते बरं झालं असं मी म्हणणार नाही. आमच्यापुरता तो आंबट वास थांबला. सडका आहेच, कारण खाडीत इतरही खूप काही येतं. शाळेची नोटीस मागे घेतलेली नाही, ती अजून प्रोसेसमां छे. मात्र मोठ्या बाईंनी स्वयंपाकघरात दोन मोठे डबे आणून ठेवले आणि प्लेटा बंद करून स्टीलची ताटं घेतली. 

पुढच्या वर्षी पर्यावरण दिनाला कोणी पाहुणे आले. खाडीच्या काठावर झाडं लावली, फोटो काढले. मला सांगण्यात आलं की मुलींकडून ते कर्तव्याचं वाक्य म्हणवून घ्या. मी म्हणवून घेतलं. त्याआधी मी त्यांच्याकडून सरकारच्या कर्तव्याचंही म्हणवून घेतलं, मोठ्यानं, दोनदा. पाहुण्यांनी दोन्हींना सारख्याच टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर एका रविवारी सकाळी समोरचा माणूस आमच्याकडे आला. बऱ्याच महिन्यांनी. आईनं चहा ठेवला. तो आबांच्या बाजूला बसला आणि बराच वेळ नुसता खोकत होता. मग मला म्हणाला, "ताई, तुमच्या त्या पुस्तकात मिलच्या आतलं काही आहे का?"

"आतलं म्हणजे?"

"मशीनवर उभ्या राहणाऱ्याचं. वाफेचं. बारा तासांचं."

मी पुस्तक आणलं. आहे. कामगारांचं आरोग्य आणि ताकद यांचा गैरवापर होऊ नये, कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणसाला साजेशी असावी, असं आहे. मी त्याला वाचून दाखवलं. त्याला आवडलं. तो म्हणाला, हे तर चांगलं लिहिलंय. आणि मला त्याला सांगावं लागलं की हेही सरकारनं झटायच्या त्या कलमाच्याच प्रकरणात आहे. मार्गदर्शनासाठी. घटना लिहिणाऱ्यांनी आणि दुरुस्त करणाऱ्यांनी जे जे आमच्या कामाचं ते ते नेमकं त्या एका प्रकरणात का ठेवलं, याचं उत्तर इतकी वर्षं धडा शिकवूनही मला देता येत नाही.

"मग उपयोग काय?" तो म्हणाला.

"पंखे किती आहेत, वाफ जायला वाट आहे का, पाळी किती वाजता बदलते, हे लिहा," आबा म्हणाले. "कलम नंतर."

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. एक पान भरलं. मी ते वाचून दाखवलं, त्यानं दोन ठिकाणी दुरुस्ती केली. सहीची वेळ आली तेव्हा त्यानं पेन हातात घेतलं आणि तसंच धरून बसला.

"नाव टाकलंच पाहिजे का?"

"नावाशिवाय कोण घेईल, दादा?"

"मी अजून नोकरीत आहे, ताई. आबा निवृत्त झाले होते."

 मला पुन्हा तसाच राग आला, आणि या वेळी तो कोणावर काढावा तेही कळेना. त्यानं तो कागद चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातला, बायकोला दाखवतो म्हणाला, आणि चहा संपवून घरी गेला. त्याला आता तीन आठवडे झाले. मी रोज सकाळी शाळेत जाताना त्याच्या ओट्याकडे बघते. तो हात हलवतो, कागदाबद्दल बोलत नाही. मीही विचारत नाही, पण विचारायची फार इच्छा होते.